देणगी दिली, पण प्रश्न कोण देणार?

मागील वर्षी जानेवारीअखेर मी लातूरच्या मार्केट यार्डात पुतण्याच्या आडत दुकानी बसलो होतो. नव्या तुरीची आवक सुरू झालेली, दारात कट्ट्यांची थप्पी, हमालांची लगबग. आणि त्या गर्दीत एक सडपातळ मुलगा हातात प्लॅस्टिकची फाइल धरून पायरीवर घुटमळत होता. एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार त्याला चार श्रेयांकांचे, म्हणजे १२० तासांचे, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण घ्यावयाचे होते आणि त्यासाठी एखाद्या पेढीचे संमतिपत्र हवे होते. पुतण्याने मान वर न करता सांगितले, "संमतीवर आत्ताच शिक्का घेऊन जा. एप्रिलमध्ये ये, पूर्ण केल्याचं सर्टिफिकेटही देतो. मध्ये यायची गरज नाही."

मुलाचा चेहरा उजळला नाही, हे मला विशेष वाटले. तो चाचरत म्हणाला, "शेठ, काही काम असलं तर मी येतो. रोज येतो."

पुतण्याचा हेतू वाईट नव्हता. गरजू मुलाला मदत होते आहे, आपले काही जात नाही, एवढाच त्याचा हिशेब. पण माझी पस्तीस वर्षे बँकेत सह्या करण्यात गेली. ज्या कामाची आपण पाहणी केली नाही, ते पूर्ण झाल्याचा दाखला देणे याला आमच्या खात्यात फार कडक नाव होते. आपल्याकडेही आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'कूटलेखक्रिया' येते. खोटा दस्त लिहिणे. पर्युषणात हा शब्द आपण दरवर्षी ऐकतो आणि तो कोणा दुसऱ्यासाठी लिहिलेला आहे असे समजून पुढे जातो. मी पुतण्याला हळूच एवढेच म्हणालो, "शिक्का मारू नकोस. त्याला काम दे."

"काय काम देऊ, काका?" तो म्हणाला. या साध्या प्रश्नाचे उत्तर मला लगेच देता आले नाही. हा लेख त्या न दिलेल्या उत्तराविषयी आहे.

विद्यापीठाने समाजाभिमुख व्हावे, असे आपण सभांमधून नेहमी ऐकतो. समाजाने विद्यापीठाभिमुख व्हावे असे कोणी म्हणत नाही. आपल्या व्यापारी घराण्यांनी शिक्षणासाठी काही केले नाही असे मुळीच नव्हे. नांदेड-लातूरच्या कितीतरी महाविद्यालयांच्या भिंतींवर आपल्या आजी-आजोबांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या आहेत. वर्गखोल्या दिल्या, ग्रंथालये दिली, वसतिगृहे बांधली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा भारतीय जैन संघटनेने तेथील सुमारे १२०० मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली. त्या दिवसांत आपल्यापैकी अनेकांनी घरची कामे सोडून लातूर-उमरग्याच्या वाटा धरल्या होत्या. देण्यात आपण कमी पडलो नाही. मात्र विद्यापीठाला आपण दिले ते द्रव्य, आणि त्याच्याकडून घेतली ती पदवी. आपल्या धंद्यातला, बाजारातला, गावातला एखादा प्रश्न घेऊन "याचे उत्तर शोधून द्या" असे म्हणत आपण त्याच्या दारात उभे राहिल्याचे मला आठवत नाही.

हे दार फार उशिरा उघडले, हेही खरे. निजामाच्या राजवटीत आपल्या भागातील मुलांना उच्च शिक्षणासाठी हैदराबादचा रस्ता होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू. घरात मराठी, दुकानात मराठी-मारवाडी, न्यायालयात व महाविद्यालयात उर्दू, अशी स्थिती. हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यावर स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. पुढे २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. नांदेड, लातूर, परभणी आणि नंतर वेगळा झालेला हिंगोली, हे त्याचे क्षेत्र. किल्लारीच्या जखमा ओल्या होत्या त्या वेळी हे विद्यापीठ जन्मले. ज्यांचे नाव त्याला दिले ते स्वामीजी संन्यासी होते, मुक्तिलढ्याचे नेते होते. पण त्याआधी हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळेतले शिक्षक होते. शाळेतून त्यांनी माणसे घडवली आणि त्या माणसांमधून लढा उभा राहिला. या नावात शिक्षण आणि समाज अशी फाळणी करताच येत नाही.

पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे लातूरचे. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून 'लातूर पॅटर्न'शी त्यांचे नाव जोडले गेले होते. कुलगुरुपदानंतर ते लातूरचे थेट जनतेतून निवडून आलेले नगराध्यक्ष झाले. कुलगुरूने शहराच्या नळ, नाली आणि कचऱ्याच्या फायली हाती घ्याव्यात, ही घटना मला आजही मोठी वाटते. लातूर पॅटर्नचे पुढे काय झाले, हे मात्र आपणच पाहतो. मुले राज्यभरातून येतात, वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला बसतात, निघून जातात. शहरात मेस चालतात, खोल्या भाड्याने जातात, स्टेशनरीची दुकाने वाढतात. रागावू नये, पण शिक्षणाशी आपल्या पिढीचे नाते बऱ्याच अंशी घरमालकाचे झाले आहे. मीही त्यातलाच, माझ्या वरच्या मजल्यावर तीन मुली राहतात.

याउलट दुसरे एक नाते आपण जगलो आहोत आणि त्याची जाणीवही आपल्याला नाही. परभणीचे मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले. कापसाच्या व्यापारातील ज्येष्ठांना 'नांदेड-४४' हे नाव सांगण्याची गरज नाही. एनएचएच-४४ हा संकरित वाण नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने काढला आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून तो शेतकऱ्यांच्या हाती पडला. कोरडवाहू जमिनीत तग धरणारा, हलक्या पावसावरही काहीतरी पदरात टाकणारा असा तो वाण. बियाण्याच्या पिशव्या आपल्याच दुकानांतून गेल्या, कापूस आपल्याच जिनिंगमध्ये आला. मी शाखाधिकारी असताना पीककर्जाच्या अर्जावर शेतकरी वाणाचे नाव न लिहिता नुसते 'चव्वेचाळीस' लिहीत. एका संशोधन केंद्राच्या कामाने जिल्ह्याच्या बाजारपेठेचे नाव देशभर पोहोचले. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. खासगी कंपन्यांची पाकिटे आली आणि बघता बघता 'चव्वेचाळीस' मागे पडला. पुढे महाबीजच्या सहकार्याने त्याच वाणाचे बीटी रूप तयार झाले. पण मधल्या वर्षांत बाजार दुसऱ्यांचा झाला होता. विक्रेत्यांनी वेळीच विद्यापीठाला धक्का दिला असता, "आमचा गिऱ्हाईक बोंडअळीवरचे मागतो आहे, तुमचे कधी येणार?" असे विचारत राहिले असते, तर काय झाले असते, हा विचार मनातून जात नाही. आम्हाला कंपनीची स्कीम मिळत होती. विचारण्याचे कारणच उरले नव्हते.

तुरीत, सोयाबीनमध्येही तेच. परभणीचे 'एमएयूएस' सोयाबीन आपण दुकानात 'माऊस' म्हणून विकतो आणि बदनापूर केंद्राची 'बीडीएन-७११' तूर शेतकरी मागून नेतो. ही नावे म्हणजे विद्यापीठांचे पत्ते आहेत. कृषी विद्यापीठाच्या घडणीतच शिक्षण आणि संशोधन यांच्या जोडीला 'विस्तार' हे तिसरे काम आहे. ही कल्पना मूळची अमेरिकेतील. १८६२ च्या कायद्याने तेथील राज्यांना जमिनी मिळाल्या, त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्येची महाविद्यालये निघाली, आणि १९१४ च्या दुसऱ्या कायद्याने त्यांचे ज्ञान शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेण्यासाठी कायमची यंत्रणा उभी राहिली. आपल्या बिगरकृषी विद्यापीठांची घडण मात्र परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाची. वाणिज्य, अर्थशास्त्र, भूशास्त्र, समाजशास्त्र यांचा 'विस्तार' कोणाच्या दारी जायचा? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ आहे, नवोपक्रम व नवउद्योगांसाठीचे मंडळ आहे, अधिसभेत पदवीधरांनी निवडून द्यावयाच्या जागा आहेत. कायद्याने दार उघडे ठेवले आहे. पदवीधर म्हणून आपण नाव नोंदवतो, निवडणुकीत जीप पाठवतो, आणि मग पाच वर्षे त्या सदस्याला काही विचारत नाही.

बँकेच्या माणसाला या संदर्भात एक नाव घेतल्याशिवाय राहवणार नाही. प्रा. धनंजयराव गाडगीळ. १९३० मध्ये पुण्याला गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, ती रावबहादूर काळे यांच्या देणगीतून; गाडगीळ तिचे संचालक. त्यांनी देणगीचे रूपांतर पाहणीत केले. वाई तालुक्यात गावोगाव फिरून शेतीच्या जमाखर्चाची मोजदाद केली. पुढे विठ्ठलराव विखे पाटील सहकारी साखर कारखाना काढू पाहत होते, तेव्हा हा अर्थशास्त्रज्ञ प्रवरानगरला त्यांच्या शेजारी बसला. कारखान्याचे अध्यक्षपद सांभाळले. शेतकऱ्याने प्रश्न आणला, प्राध्यापकाने हिशेब मांडला. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी गाडगीळांच्या अभ्यासगटाने सुचवले की, प्रत्येक जिल्ह्याला बँकांनी क्षेत्र मानून तेथील गरजा मोजाव्यात. त्यातून अग्रणी बँक योजना आली. जिल्ह्याजिल्ह्यात जी वार्षिक पतयोजना आजही छापली जाते, तिचे मूळ एका प्राध्यापकाच्या सवयीत आहे: आधी मोजा, मग बोला.

ती सवय आम्हालाही काही दिवस लागली होती. १ एप्रिल १९८९ पासून सेवाक्षेत्र योजना आली; प्रत्येक ग्रामीण शाखेला पंधरा ते पंचवीस गावे नेमून दिली गेली आणि गावनिहाय पाहणी करण्याचा आदेश निघाला. मी तेव्हा नवा अधिकारी. मुखेड तालुक्यातील अठरा गावे माझ्या वाट्याला आली. मोटारसायकलवरून, कधी बैलगाडीतून, मी ती हिंडलो. किती विहिरी, किती बैलजोड्या, किती घरांवर सावकाराचे कर्ज, किती मुली सातवीनंतर शाळा सोडतात, कोणाचे लोहारकाम बंद पडले. हे सारे निळ्या शाईने दोन जाड रजिस्टरांत लिहिले. त्याचा गोषवारा वर गेला. रजिस्टरे शाखेत राहिली. पाच वर्षांनी तासाभराच्या अंतरावर विद्यापीठ आले. मी ती रजिस्टरे काखेत मारून तेथल्या एखाद्या प्राध्यापकाकडे गेलो असतो, तर एका गावसमूहाचे चित्र दर दहा वर्षांनी ताडून पाहता आले असते. मी गेलो नाही. मला सुचलेच नाही. बदली झाली, आणि एका मार्चमध्ये जुने दप्तर निकाली निघाले त्यात ती रद्दीत गेली. कर्जवसुलीच्या माझ्या चुका मी विसरलो आहे. ही विसरलो नाही.

नेदरलँड्समधील विद्यापीठांनी १९७० च्या दशकात एक वेगळी वाट काढली. त्यांनी 'विज्ञानाची दुकाने' उघडली, त्यांच्या भाषेत नावच तसे आहे. ज्यांच्याकडे संशोधन विकत घेण्यास पैसे नाहीत अशा नागरिक मंडळांनी, कामगारांनी, वस्तीतील लोकांनी आपला प्रश्न त्या खिडकीवर नेऊन द्यायचा. दुकानातील माणूस तो प्रश्न ऐकून घेतो, त्याला अभ्यासाचे रूप देतो आणि योग्य प्राध्यापकाच्या हाताखालच्या विद्यार्थ्याकडे सोपवतो. विद्यार्थ्याचा प्रबंध होतो, विचारणाऱ्याला उत्तर मिळते. आपल्या राज्यात आयआयटी मुंबईच्या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रातील विद्यार्थी गावांच्या पाणीयोजनांचा अभ्यास करीत आले आहेत, आणि त्याच धर्तीवर महाविद्यालयांना जिल्ह्याच्या प्रश्नांशी जोडण्यासाठी २०१६ मध्ये शासनाने 'उन्नत महाराष्ट्र अभियान' हाती घेतले. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने 'विद्यापीठ आपल्या गावात' असा उपक्रम केला आहे. म्हणजे हे अशक्य कोटीतले नाही. दुकान कसे चालवावे हे तर आपल्याला कोणी शिकवायला नको.

आणि प्रश्नांचा काय तुटवडा आहे? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्यानंतर लातूरकरांनी वर्गणी काढून मांजरा नदीचे पात्र खोल आणि रुंद केले. त्या पात्रात दर पावसाळ्यात किती गाळ परत येतो, हे नोंदविणे भूशास्त्र संकुलातील दोन विद्यार्थ्यांचे दरवर्षीचे काम होऊ शकते. २०२४ मध्ये बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळाले; कुंथलगिरी म्हटले की आपल्याला सिद्धक्षेत्र आठवते, त्या कुंथलगिरीच्या खव्यालाही मिळाले. मानांकन मिळाल्याने शेतकऱ्याच्या हाती किलोमागे काय जास्त पडते, आणि बनावट मालाला ओळखायचे कसे? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला याहून चांगला विषय कोणता? हे प्रश्न आपल्या गादीवर रोज येतात आणि चहाबरोबर संपतात.

आता त्या मुलाकडे येतो. "काय काम देऊ?" या प्रश्नावर मी शेवटी सुचवले ते असे. तुरीत ओलावा किती, यावर दुकानात रोज वाद होतो. यंत्रावर जो आकडा येतो त्यावर भाव तुटतो, शेतकरी कुरकुरतो, मुनीम यंत्राकडे बोट दाखवतो. मुलाने १२० तास तेथे बसून प्रत्येक कट्ट्याचा ओलावा, वेळ, मातेरे आणि लागलेला भाव लिहून काढावा. तो सकाळी सातला यायचा. औसा तालुक्यातील शेतकऱ्याचा मुलगा. तिसऱ्या दिवसापासून हमालही त्याला हाक मारून आकडा सांगू लागले. दोन आठवड्यांनी त्याने न सांगता एक गोष्ट केली. एकाच कट्ट्यातील तूर बंद डब्यात घेऊन तो शेजारच्या तीन दुकानांत गेला. चार यंत्रांवर चार आकडे आले, आणि आमचे यंत्र सर्वांत जास्त ओलावा दाखवत होते.

पुतण्याचा चेहरा उतरला. "काका, हे बाहेर गेलं तर लोक म्हणतील, इतकी वर्षे यांनी कापून घेतलं." मी गप्प राहिलो. बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. ते म्हणणार होते ते खरेच होते. कोणी जाणूनबुजून केले नव्हते, यंत्र वर्षानुवर्षे तपासून घेतले नव्हते, एवढेच. पण न तपासलेल्या तराजूची जबाबदारी कोणाची असते, हे व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्याला सांगावे लागत नाही. चार दिवस दुकानात त्या मुलाशी कोणी नीट बोलले नाही. पाचव्या दिवशी पुतण्याने यंत्र गाडीत घातले आणि तपासून, दुरुस्त करून आणले. नंतर शेजारच्या दोघांना तो स्वतः जाऊन सांगून आला. तिसऱ्याने ऐकून घेतले नाही.

मुलाने अकरा पानी अहवाल लिहिला. तक्ते हाताने आखलेले, भाषा साधी, कामाची. तो घेऊन तो महाविद्यालयात गेला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की तासांचा तक्ता आणि शिक्क्याचे प्रमाणपत्र पुरेसे आहे. बाकीची पाने जोडण्याची आवश्यकता नाही. कोणते महाविद्यालय ते लिहीत नाही. शेकडो विद्यार्थ्यांची कागदपत्रे एका प्राध्यापकाच्या टेबलावर पडतात, त्याचा तरी काय दोष? त्या टेबलाशेजारी दुसरी खिडकी नव्हती, ज्यावर ही पाने स्वीकारली गेली असती. आम्ही इकडे आणि ते तिकडे, दोघेही शिक्क्यावर समाधानी होतो. ती अकरा पाने आता माझ्या कपाटात आहेत. या वेळी मी ती रद्दीत जाऊ देणार नाही. त्याची एक प्रत बाजार समितीत आणि एक विद्यापीठाच्या लातूर उपकेंद्रात स्वतः नेऊन देण्याचे ठरवले आहे.

यंदा जानेवारीत मी पुन्हा लातूरला होतो. तुरीचा हंगाम, तीच पायरी, आणि या वेळी एक मुलगी, सोबत तिचे वडील. तेच संमतिपत्र. पुतण्याने ते हातात घेतले, वाचले, आणि शिक्क्याचा डबा न उघडता कागद गल्ल्यात ठेवला.

"बेटा, सोमवारपासून ये," तो म्हणाला. "सकाळी सातला, आवक सुरू होते तेव्हा. आणि एक कोरं रजिस्टर घेऊन ये."

मुलीच्या वडिलांनी विचारले, "शेठ, तिला काय करायचं आहे?"

"शेजारच्या तिसऱ्या दुकानात आधी विचारून येतो," पुतण्या म्हणाला, "मग सांगतो."